छत्रीवाला खांब

फाल्गुन उतरणीला लागला की माझं डोकं दुखायला लागतं. घरातल्यांना वाटतं ऊन लागलं. नवी सून कांदा ठेचून कपाळावर बांधायला आणते, मुलगा म्हणतो डोळे तपासून घे. मी बांधू देते, हो म्हणते. खरं कारण असं की या दिवसांत आमच्या गल्लीच्या टोकाला डोंगरातली माणसं रोजानं कामाला येऊन उतरतात. त्यांच्या बायका रस्त्याच्या कडेला पोत्यांवर मोहाची फुलं वाळत घालतात, आणि दुपारच्या वाऱ्याबरोबर तो गोड, जड, जरासा आंबूस वास थेट माझ्या माजघरात शिरतो. खिडकी लावून घेतली तरी शिरतो.

आमचे हे तेव्हा ओसरीवर झोपाळ्यात बसून वर्तमानपत्र वाचत असतात. जंगलखात्यातून नुकतेच पेन्शनीत निघालेत. तब्येत खणखणीत. तो वास त्यांच्या नाकातही जात असेलच, पण त्यांनी कधी विषय काढला नाही आणि मीही काढला नाही. मिठावरून, पाहुण्यांवरून, माझ्या माहेरच्यांवरून आम्ही वीस वर्षं मनसोक्त भांडलो. या एका गोष्टीवरून कधी भांडलो नाही. म्हणून आज लिहायला बसले. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, माझ्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

पहिलं महायुद्ध संपून पाच-सहा वर्षं झाली असतील. मी तापीकाठच्या पाटलांच्या घरातली, केळी-कापसाच्या सपाट रानात वाढलेली. डोंगर म्हणजे उत्तरेला क्षितिजावर दिसणारी निळी रेघ, एवढंच मला ठाऊक. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी यांचं काम तोरणमाळच्या बाजूला निघालं आणि पौषात मी यांच्यामागून तो घाट पायी चढले. सासूबाई म्हणाल्या होत्या, "तठे वाघ शेत, व माय, नको जाऊ." मी गेले. वाघापेक्षा सासूबाईंची मला जास्त भीती होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

वर सागाच्या फळ्यांचं एक घर होतं. फटींतून वारा यायचा. पहाटे घागरीतल्या पाण्यावर बर्फाची पातळ साय धरलेली मी आयुष्यात पहिल्यांदा तिथं पाहिली आणि लहान पोरीसारखी बोटानं मोडून खाल्ली. यांचं काम झाडांवर खुणा करण्याचं. यांच्याकडे एक हातोडा होता, त्याच्या तोंडावर सरकारी अक्षरं कोरलेली. बुंध्याची थोडी साल काढायची, त्या पांढऱ्या जागेवर हातोडा हाणायचा, शिक्का उमटला की ते लाकूड सरकारचं. ठेकेदाराची माणसं शिक्का पाहून तोडायची किंवा शिक्का पाहून सोडायची, ते यांच्या वहीत कसं लिहिलंय त्यावर. हातोडा यांच्या उशाशी असायचा. मी त्याला सवत म्हणायची, हे हसायचे. तेव्हा आम्ही पुष्कळ हसायचो.

जमली नावाची एक बाई आम्हाला लाकूडफाटा आणि दूध आणून द्यायची. डोंगरातल्या पावरा जमातीची, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, नवरा गेलेला, खेत्या नावाचा एक लग्न झालेला मुलगा. गळ्यात चांदीचं एवढं ओझं की मला पाहूनच मान दुखायची. घरी ती पावरी बोलायची, माझ्याशी बाजारात शिकलेली अहिराणी. तिचं मला अर्धं कळायचं, माझं तिला पाऊण. एवढ्यावर आमचं झकास चाललं होतं. तिनं मला भगरीचा भात शिकवला, मी तिला खापरावरचे मांडे. माझा पहिला मांडा फाटला तेव्हा ती इतकी हसली की चुलीसमोरून उठून बाहेर गेली.

माघात एका सकाळी मी तिच्यामागून तिच्या पाड्याकडे निघाले. धुकं होतं. एक चढ चढून वर आले तर मोहाच्या झाडांखाली माणसं उभी. घोड्यावर बसलेली, रांगेत, गप्प. दरोडेखोर म्हणून मी पदरात तोंड घातलं. जमली पुढं गेली, एकाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "ये ना व बाई. ह्या बठा आमनाच शेत."

आमचीच माणसं सगळी, म्हणाली ती; पण ते लाकडी खांब होते. छातीएवढे उंच, सागाचे, पावसापाण्यानं राखाडी झालेले. प्रत्येकावर कोरीव काम. वरती सूर्य आणि चंद्र शेजारी शेजारी, मधे घोडा आणि घोड्यावर स्वार. एका स्वाराच्या हातात तीरकामटा, एकाच्या ढोल. एका खांबावर घोडा नव्हता, डोक्यावर घागर घेतलेली बाई होती आणि तिच्या पायाशी एक कोंबडी. कोरणाऱ्यानं कोंबडीचं पीस न् पीस दाखवलं होतं, बाईचं नाक मात्र राहूनच गेलं होतं. मी सतरा मोजले. माझ्या माहेरच्या देवळातला दगडी गणपती मला लहानपणापासून सुंदर वाटायचा. त्या सकाळी वाटलं, आपण आजवर काही पाहिलेलंच नाही.

कडेचा खांब सगळ्यांत नवा. त्यावरच्या स्वारानं एका हातात लगाम धरला होता आणि दुसऱ्या हातात उघडी छत्री. मला हसू फुटलं. जमलीही हसली.

"हाऊ मन्हा धनी," ती म्हणाली. "शहादाना बाजारमाईन छत्री लयना व्हता. पाऊस नही तरी उघडे. बकऱ्या चाराले छत्री, लगनमा छत्री. मंग मी सुताराले सांगं, छत्री काढ, नहीते तो खांबमा बसाव नही."

मग ती गंभीर झाली आणि तिनं मला समजावलं. मेलेलं माणूस खांब उभा राहीपर्यंत भटकत असतं, खांब रोवला की येऊन बसतं. मोह पडायला लागला की पहिल्या दिवशीची फुलं घरात न्यायची नाहीत. ज्याच्या त्याच्या खांबापाशी ओंजळभर ठेवायची, नाव घेऊन हाक मारायची, मगच टोपली घरी. त्यांनी खाल्ल्याशिवाय घरच्यांनी खाल्लं तर ते पोटात जिरत नाही. आणि मोह म्हणजे काही चैनीची वस्तू नव्हे. पाऊस सुरू झाला आणि कणग्या रिकाम्या झाल्या की तीच वाळलेली फुलं शिजवून, भाजून, भाकरीत घालून ही माणसं दोन महिने काढतात. हे सगळं ती मला अशा सुरात सांगत होती की जणू मी नवी सून आणि ती मला घरातल्या डब्यांची माहिती देतेय. मी तिच्या नवऱ्याचं नाव विचारलं. तिनं ते खांबाकडे तोंड करून घेतलं, माझ्याकडे पाहून नाही.

त्यानंतर मी रोज तिथं जायला लागले. यांच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर कोळशानं चित्रं काढायची. रांगोळी काढणारा हात होता माझा, घोडे मोरांसारखे यायचे. पण छत्रीवाला मला बरा साधला. पाड्यातली पोरं भोवती जमायची आणि कुणाचा आजा कोणता ते ओरडून सांगायची. मला वाटतं माझ्या आयुष्यातला तो सगळ्यांत सुखाचा महिना.

आणि सुख पोटात राहत नाही हा बाईचा जुना रोग. पहिल्याच दिवशी संध्याकाळी मी यांना सगळं सांगितलं. सूर्य, चंद्र, कोंबडी, छत्री. पुढं चित्रं काढली तशी तीही दाखवली. हे कितीतरी दिवस त्या भागात हिंडत होते, पण झाडांखाली काय आहे ते यांनी पाहिलं नव्हतं, कारण यांची नजर बुंध्यावर. यांनी चित्रं कंदिलाजवळ धरून एकेक नीट पाहिली. "तुन्हा हातमा कला शे," म्हणाले. त्या एका वाक्यावर मी आठवडाभर तरंगत होते. मग एक दिवस माझ्याबरोबर आले, खांबांभोवती फिरले, हातानं उंची मोजली, लाकडावर नख टोचून पाहिलं. मला त्यांचा अभिमान वाटला. माझा नवरा इतर सरकारी माणसांसारखा नाही, असं मी जमलीला सांगितलंसुद्धा.

माघ संपता संपता ठेकेदाराची तोड त्या बाजूला सरकली. कोळशाच्या भट्ट्या लागल्या होत्या आणि भट्टीवाल्यांना वाळलेलं लाकूड म्हणजे पर्वणी. पलीकडच्या पाड्याचे दोन जुने खांब त्यांनी भट्टीत घातले अशी बातमी जमली रडत घेऊन आली. मी यांच्या मागे लागले. काहीतरी करा. यांनी विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाले, "एकच उपाव शे. हातोडा मारी देऊत. सरकारना शिक्का देखीसन कोनी हात लावाव नही. वहीमा 'राखीव' लिखी देसू."

मला ते इतकं पटलं की मी धावत पाड्यावर गेले. जमलीला नाही पटलं. शिक्क्याची गोष्ट डोंगरातल्या माणसाला शिकवावी लागत नाही. ज्याच्यावर शिक्का, ते आपलं नाही. त्यानंतर त्याची डहाळीसुद्धा तोडली तर दंड, फटके. ती म्हणाली, "शिक्का मारा म्हनजे तो सरकारना व्हई जाई ना व बाई?"

"नही व, राखासाठे शे," मी म्हटलं.

"तू सांगस?"

"मी सांगस. मन्हा कुंकूनी आन."

मी कपाळाला बोट लावून आन घेतली. दोघी बायकांत याहून मोठी आन नसते, पावरी असो की पाटलीण. जमलीनं माझ्या कपाळाकडे पाहिलं, मग पाड्यातल्या इतरांशी बराच वेळ बोलली. म्हाताऱ्यांची नाराजी मला भाषा न कळताही कळत होती. शेवटी ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मार सांग त्याले."

दुसऱ्या दिवशी हातोड्याचे सतरा घाव पडले. घोड्याच्या पोटाखाली, घागरवालीच्या पायाखाली, जिथं कोरीव काम नव्हतं तिथं, एकेक. कुणाच्या कोरणीला धक्का लागू नये म्हणून मीच जागा दाखवत होते. खेत्यानं बापाचा खांब दोन्ही हातांनी धरून ठेवला होता, घाव बसताना हलू नये म्हणून.

मग होळी आली. काठी गावच्या होळीला अख्खा डोंगर लोटतो. आमच्या पाड्यातलेही सगळे मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरं, अंगावर राखेचे ठिपके घालून दोन दिवस आधीच निघाले. जमली मला चल म्हणत होती. हे म्हणाले, बाईमाणसानं एवढ्या गर्दीत जाऊ नये. मी राहिले. त्या रिकाम्या डोंगरात मी तीन दिवस भांडी घासली आणि पळस पाहिला.

माणसं परतली त्याच्या दुसऱ्या सकाळी अंगणात गलका ऐकू आला. पाहिलं तर पाड्यातले पुरुष दोरखंडं आणि बांबू घेऊन उभे, डोळ्यांखाली अजून होळीची राख. यांनी वेठीला बोलावलं होतं. खांब उपटायचे, घाटाखाली न्यायचे, तिथं गाड्या उभ्या होत्या. खालच्या मोठ्या साहेबांना त्यांच्या बंगल्याच्या बागेत लावायला हवे होते. यांनी माघातच पत्र लिहिलं होतं. पत्रासोबत माझी चित्रं पाठवली होती. वहीतली पानं कुठं गेली म्हणून मी घर धुंडाळलं होतं तेव्हा उंदरानं नेली असतील, असं हे म्हणाले होते.

मी चुलीपाशी उभी राहून विचारलं, "तुम्ही राखासाठे मारा ना शिक्का?"

"मंग राखीच ऱ्हायनू ना," हे शांतपणे म्हणाले. हे कधी आवाज चढवत नाहीत. "आठे वाळवी खाई, भट्टीवाले नेतीन. तठे माळी शे, रंग देतीन. शंभर वरीस टिकतीन. तुन्हीच चित्रं देखीसन सायेब खूश व्हयनात."

या बोलण्याची मला आजही चीड येते. मला फसवलं तेही माझ्याच हातून. माझी चित्रं, माझी आन, मी दाखवलेल्या जागा. ती पानं सोडली तर यांनी काही चोरलं नाही, मी सगळं आणून हातात दिलं. संतापून भांडी फेकावी, तर अंगणात लोक. शाप द्यावा, तर आन यांच्याच जिवाची घेतलेली. आन तर मोडलीच होती. त्या वर्षापासून यांना नुसती शिंक आली तरी मी उपास धरायची, आणि ज्या माणसाचा राग करायचा त्याच्याच दीर्घायुष्यासाठी मी वीस वर्षं देव पाण्यात ठेवून बसले आहे. हे तिकडे झोपाळ्यावर ठणठणीत.

कोणी विरोध केला नाही. शिक्का होता ना. एकेक खांब चौघांच्या खांद्यावर गेला. छत्रीवाल्याला पुढून खेत्यानं खांदा दिला. बापाला त्यानं दुसऱ्यांदा खांदा दिला, असं माझ्या मनात आलं आणि मी आत गेले. जमली माझ्याशी बोलायला आली नाही. उपटलेल्या खड्ड्यापाशी बसून राहिली, असं मला नंतर कळलं.

चार दिवसांनी मोह पडायला लागला. पहाटे झाडाखालची जमीन पिवळसर पांढरी व्हायची, टपटप आवाज दिवस वर येईपर्यंत चालायचा. दरसाल या आवाजाला बायका टोपल्या घेऊन धावतात. त्या साली कुणी आलं नाही. पहिली फुलं कुणापुढं ठेवायची तेच ठरेना, आणि ती ठेवल्याशिवाय बाकीची उचलायची नाहीत. म्हातारे बसले, बोलले, दुसरी जागा नेमायची की नाही यावर वाद झाले, आणि तोवर फुलं पडून राहिली. उन्हात तपकिरी झाली, सडली, अस्वलं येऊन खाऊन गेली. तो वास घरात, कपड्यांत, पिठात. तेव्हापासून माझं डोकं दुखतं. त्या पावसाळ्यात पाड्यानं काय खाल्लं ते मला ठाऊक नाही, कारण वैशाखात यांची बढती झाली आणि आम्ही डोंगर उतरलो.

साहेबांच्या बंगल्यावर मी एकदा गेले आहे. चैत्रातलं हळदीकुंकू होतं. खांब फाटकापासून पायऱ्यांपर्यंत दोन्ही बाजूंनी लावलेले, हिरवा तेलरंग दिलेला, सूर्यचंद्र पिवळे. हे म्हणाले होते तसेच, टिकले होते. छत्रीवाला पायरीजवळ होता. त्याच्या छत्रीवर कुणीतरी ओलं फडकं वाळत घातलं होतं. एक बाई म्हणाली, अगंबाई, हा कुठला राजा? साहेबांच्या बायकोनं हसून सांगितलं, असेल कुणीतरी जंगलातला. मला त्याचं नाव माहीत होतं. मी कैरीची डाळ खात राहिले.

त्यानंतरच्या वर्षी शहाद्याच्या बाजारात जमली भेटली. पोत्यावर वाळलेला मोह मांडून बसली होती. मी तोंड चुकवून पुढं जाणार तोच तिनं हाक मारली. वाळली होती, गळ्यातली चांदी निम्मी झाली होती. मी खाली बसले. तिनं माझ्या लेकराला मांडीवर घेतलं, त्याचे गाल ओढले, त्याच्या मुठीत चार फुलं दिली. खेत्या गुजरातेत मजुरीला गेला म्हणाली. मोहाचं काय करता, मी विचारलं. म्हणाली, आता उचलतो, खातो, विकतो. पहिली फुलं खड्ड्यापाशी ठेवतो. पण रिकाम्या जागेला हाक मारायला जीभ वळत नाही.

मग तिनं आवाज उतरवून विचारलं, "तुन्हा घरवाला सरकारमा शे. तुले माहीत व्हई. मन्हा धनीले कोठे नेईसन लावं? सांग व बाई. दूर ऱ्हायना तरी मी पायी जासू. येक ओंजळ ठेईसन उनू म्हनजे झायं."

मला रस्ता ठाऊक होता. फाटकही, पायरीजवळचा खांबही. सांगितलं असतं तर ती खरोखर चालत गेली असती, फाटकाशी उभी राहिली असती, आणि कुणी सांगितलं असं विचारल्यावर तिनं माझं नाव घेतलं असतं, कारण तिला खोटं बोलता येत नव्हतं. यांची आणखी एक बढती तेव्हा अडून होती.

"माले माहीत नही," मी म्हटलं.

जमली माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मला वाटलं, कळलं हिला. पण तिचे डोळे भरून आले. तिनं लेकराला माझ्या मांडीवर ठेवलं, माझ्या डोक्यावरचा पदर सारखा केला आणि थोरल्या बहिणीच्या मायेनं पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "म्हनजे त्यानी तुले बी फसाडं. रडू नको व माय, रडू नको."

मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडून घेतलं.